परभाषा शिकावी काय?

हरियाणातील गुरुग्राम शहराचे जपानशी जुने नाते आहे. १९८२ साली मारुती उद्योग व जपानची सुझुकी यांच्यात करार झाला आणि डिसेंबर १९८३ मध्ये येथे तयार झालेली पहिली मोटार ग्राहकाच्या हाती पडली. पुढे या परिसरात अनेक जपानी कंपन्या आल्या. दुभाष्यांची गरज निर्माण झाली. पोटापाण्यासाठी येथे आलेल्या मराठी माणसाला साहजिकच प्रश्न पडतो : कामावरून थकून आल्यावर उरणारा वेळ जपानी शिकण्यात खर्च करावा काय?

प्रश्न रास्त आहे, कारण ही भाषा वेळ मागते. हिरागाना व काताकाना या लिप्यांत प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे आहेत. ती थोड्या आठवड्यांत येतात. परंतु ‘कांजी’ चिन्हांपैकी नित्य वापराची म्हणून ठरवलेली चिन्हेच २,१३६ आहेत. त्यांना वर्षानुवर्षांचा सराव लागतो.

मराठी भाषकाला काही गोष्टी अनुकूलही आहेत. ‘मी भात खातो’ या वाक्यात आधी कर्ता, मग कर्म आणि शेवटी क्रियापद येते. जपानीतही हाच क्रम असतो. आपले ‘ला’, ‘हून’ हे प्रत्यय नामानंतर येतात, तसेच त्यांचेही. परभाषा शिकताना अशी स्वभाषेची घडणही नव्याने उमगते.

भाषांतर तर मोबाईलही करतो, मग हे श्रम कशाला? रस्ता विचारण्यापुरते ते पुरेसे आहे. पण ‘उद्या काम होईल का?’ या प्रश्नावर जपानी माणूस कधी केवळ ‘चोत्तो...’ म्हणून थांबतो. शब्दाचा अर्थ ‘थोडेसे’. आशय मात्र सौम्य नकाराचा. तो ओळखण्यासाठी भाषेबरोबर माणसांची रीतही शिकावी लागते.

म्हणून आधी हेतू ठरवावा. जपानी भाषाक्षमता परीक्षेचे पाच स्तर आहेत. पहिली पायरी चढली म्हणजे दुभाषा होता येत नाही, आणि अर्ध्यावर सोडलेली भाषा लवकर विसरते. हेतू स्पष्ट असेल आणि रोज थोडा वेळ निष्ठेने देता येत असेल, तर हे श्रम सार्थकी लागतात. तसे नसेल, तर तोच वेळ आपल्या कामातील कौशल्य वाढवण्यास द्यावा. त्यात कमीपणा नाही.

शब्दार्थ
रास्त – योग्य. आशय – मनातील अर्थ. सार्थकी लागणे – उपयोगी ठरणे

पाठगत प्रश्न
१. मराठी व जपानी भाषांतील दोन साम्ये लिहा.
२. ‘चोत्तो’ या उदाहरणातून लेखकाला काय सुचवायचे आहे?
३. आपण कोणती परभाषा शिकाल आणि कशासाठी? पाच वाक्ये लिहा.