पाठांतर, सभाधीटपणा आणि संगीतीचा वारसा

१४ एप्रिलच्या मंचावर गाणाऱ्या विद्यार्थ्याकडून आपण सारे तीन अपेक्षा बाळगतो : गीत तोंडपाठ असावे, नजर श्रोत्यांकडे असावी आणि मुद्रेवर व हातांत भाव दिसावा. ज्याला हे जमत नाही, त्याला गाता येत नाही असे ठरवून आपण मोकळे होतो. हा निवाडा आपल्याच इतिहासाशी कितपत जुळतो, ते येथे पाहू.

बुद्धवचन काही शतके केवळ मुखपरंपरेने टिकले. महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे पाचशे भिक्खूंची पहिली संगीती झाली. ‘संगीती’ या शब्दाचा अर्थच एकत्र पठण असा आहे. चुल्लवग्गातील वृत्तांतानुसार महाकस्सप एकेक प्रश्न विचारतात आणि उपाली विनयाविषयी, तर आनंद धम्माविषयी उत्तरे देतात. आनंदांसारख्या थोर स्मरणशक्तीच्या भिक्खूलाही प्रश्नाचा आधार होता व सभोवती संघ होता. पुढे इ.स.पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत तिपिटक लिपिबद्ध झाले. स्मरणाला लेखनाची जोड देण्यात संघाला कमीपणा वाटला नाही.

चुल्लपंथकांची कथा याहून बोलकी आहे. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून भिक्खू असलेल्या थोरल्या भावाने त्यांना विहार सोडण्यास सांगितले. बुद्धांनी त्यांना थांबविले, हाती स्वच्छ वस्त्राचा तुकडा दिला आणि तो चोळत राहण्यास सांगितले. ते वस्त्र मळत गेले, तशी त्यांना अनित्यता उमगली. ज्याला गाथा पाठ होत नाही, त्याला धम्मही कळणार नाही, हे अनुमान बुद्धांनी मान्य केले नाही.

आता जलशाकडे वळू. सत्यशोधकी आणि त्यानंतर आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. समोरच्या बहुसंख्य श्रोत्यांना अक्षरओळख नव्हती. विचार पोहोचवायचा, तर तो कंठातून आणि नजरेला नजर देऊनच पोहोचवावा लागे. तेथे पाठांतर ही प्रबोधनाची गरज होती. मात्र शाहीर एकटा नसे. त्याच्यामागे झीलकरी उभे असत, धृपद उचलीत आणि त्याला दम घेऊ देत. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेल्या वामनदादा कर्डकांना तर अक्षरओळखच मोठेपणी झाली. ज्या समाजाच्या महाकवीला अक्षर इतक्या उशिरा लाभले, त्या समाजाच्या लेकराने गाताना हाती वही धरली, तर त्यात लाज कसली?

पाठांतर निरर्थक आहे, असे आम्ही म्हणत नाही. नजर वहीतच अडकली, तर गीत श्रोत्यांपर्यंत जात नाही, हे खरे. पण धीर हा शिकविण्याचा विषय आहे. प्रथम सर्वांनी वही पाहून एकत्र गावे. मग लाजऱ्या मुलाला झीलकऱ्यांत उभे करावे. पुढे वहीऐवजी प्रत्येक कडव्याचा पहिला शब्द लिहिलेली चिठ्ठी द्यावी. नजर प्रथम ओळखीच्या एका चेहऱ्यावर ठेवू द्यावी. हातवारे शिकवू नयेत; अर्थ समजला की तेवढा भाव आपोआप येतो. शब्द विसरल्यास सोबत्यांनी धृपद उचलावे. श्रोत्यांनी हसू नये, हा शिस्तीचा भाग मानावा.

लिंबागणेश परिसरातील आणि एकूणच बीड जिल्ह्यातील अनेक पालक दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुले वसतिगृहात राहतात. हंगाम संपवून परतलेली आई जयंतीला मंडपात बसते, तेव्हा आपल्या मुलाला सारे पाठ आहे की नाही, हे ती तपासत नसते. तिला कित्येक महिन्यांनी त्याचा आवाज ऐकायचा असतो. पाठांतराच्या कसोटीवर त्या मुलाला आपण मंचावरून उतरविले, तर तिला पुन्हा वर्षभर थांबावे लागेल. म्हणून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमचे सांगणे इतकेच : वही हाती असली, तरी त्याला गाऊ द्या, आणि तो अडखळला, तर धृपद आपण उचलू या.