भीड इथेच ठेवून जा

भाच्या, काम तुला नवं नाही, हे आधी मनात पक्कं कर. रहनाळच्या गोदामात तू इनवर्ड घेतलास, स्कॅनर चालवलास, रात्रपाळीला कंटेनर खाली केलेस. मुंबईची जकात टाळायला व्यापाऱ्यांनी महापालिकेच्या हद्दीबाहेर, आपल्या भिवंडीजवळच्या ग्रामपंचायतींच्या शेतांत गोदामं बांधली. २०१७ साली जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामं वाढतच राहिली. दुबईत तू ज्या जेबेल अलीला चाललास, तिथलं गणितही याच जातीचं आहे. बंदर १९७९ चं, फ्री झोन १९८५ चा. कराची सवलत मिळते म्हणून माल तिथे येऊन थांबतो आणि पुढे आफ्रिकेला नाहीतर इराकला जातो. पॅलेट तीच, रॅक तेच, डिस्पॅचवाल्याची बोंबही तीच. म्हणून कामाबद्दल मी फारसं बोलणार नाही.

मी इथे मागावरचा जॉबर होतो, तिकडे मेंटेनन्सला लागलो आणि डोक्यावरचे केस पांढरे होईपर्यंत राहिलो. त्या काळात आपल्या बाजूची कितीतरी पोरं आली. काही बसली, काही परत गेली, काही अडकली. जी अडकली त्यांत अडाणी थोडीच होती. बाकीची भिडेपायी अडकली. एजंट गावचा, त्याच्याकडे पावती कशी मागायची? साहेब चांगला आहे, कागद पुढे करतोय, वाचत कसं बसायचं? मित्र रडतोय, जामीन कसं राहायचं नाही? भीड भिकेची बहीण, असं तुझी आजी म्हणायची. ती कधी कल्याणच्या पलीकडे गेली नाही, पण दुबईला जाणाऱ्याला याहून कामाचं मला काही सांगता येत नाही.

आता ऑफर लेटर काढ आणि माझ्यासमोर मोठ्याने वाच. एकूण पगाराचा आकडा सोड, बेसिक किती ते बघ. समज, एकूण २,००० दिऱ्हॅम आणि त्यात बेसिक १,२०० लिहिलंय. वर्ष पूर्ण झाल्यावर नोकरी सोडलीस तर जी ग्रॅच्युइटी मिळते, ती पहिली पाच वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांच्या बेसिकवर धरतात. म्हणजे १,२०० वर तुझे वर्षाचे ८४० होतात. तेच बेसिक २,००० असतं तर १,४०० झाले असते. भत्ते फुगवून बेसिक बारीक ठेवायची युक्ती इथल्या गोदामांतही चालते, तुला ती माहीत आहे. तिकडे गेल्यावर करार सहीसाठी येईल तेव्हा हे लेटर शेजारी ठेव आणि दोन्ही कागदांवरचे आकडे जुळव. ऑफरमध्ये एक आणि करारात दुसरं असेल तर सही करू नकोस. "जरा फोन करून येतो," म्हण आणि ये. पेन हातात दिलं म्हणून सही करायलाच हवी, असं कुठे आहे?

प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीपासून तिथे नवा कामगार कायदा लागू आहे, त्यात हे स्पष्ट आहे. प्रोबेशनमध्ये देश सोडून परत यायचं ठरलं तर १४ दिवसांची लेखी नोटीस, तिथेच दुसऱ्या कंपनीत जायचं तर महिन्याची. रागाच्या भरात बॅग उचलून निघून जायचं नाही. कंपनीने "पळाला" अशी तक्रार केली तर पुढचा व्हिसा अवघड होऊन बसतो.

व्हिसा, वर्क परमिट, भरतीचा खर्च, हे सगळं कंपनीने करायचं असतं. कामगाराकडून ते वसूल करायला तिथल्या कामगार कायद्याने बंदी आहे. इथला एजंट नोंदणीकृत असेल तर त्याला सेवाशुल्क घेता येतं, पण ३०,००० रुपये अधिक जीएसटी, त्याच्या वर नाही. आणि पावती द्यावी लागते. त्याचा परवाना खरा आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर घरबसल्या बघता येतं. "आधी व्हिजिट व्हिसावर चल, तिकडे गेल्यावर बदलून देतो," असं म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लाव. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे आणि पगार बुडाला तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

तुझा तो दोस्त, शेजारच्या रॅकवरचा, त्याचंही बघ. तो दहावी झालेला नाही, म्हणजे त्याच्या पासपोर्टवर ईसीआर असणार. अमिरातीसकट १८ देशांत कामाला जायचं तर अशा माणसाला सरकारची परवानगी घ्यावी लागते. त्याचबरोबर प्रवासी भारतीय विमा योजना काढावी लागते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. ही परवानगी चुकवण्यासाठीच एजंट लोक दहावी न झालेल्यांना टुरिस्ट म्हणून पाठवतात. त्याला माझ्याकडे घेऊन ये.

पासपोर्ट तुझ्याजवळ राहील. कंपनीला तो ठेवून घ्यायचा अधिकार नाही. "ऑफिसच्या लॉकरमध्ये सुरक्षित राहील," असं कुणीतरी प्रेमाने म्हणेलच. व्हिसाच्या किंवा एमिरेट्स आयडीच्या कामासाठी द्यावा लागला तर दे, पण कधी परत मिळणार ते व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून ठेव, म्हणजे लेखी उत्तर राहतं. हे उद्धटपणाने करायची गरज नाही. हसत विचारलं तरी विचारलेलं विचारलेलंच असतं.

फोर्कलिफ्टचं एक सांगून ठेवतो. इथला तुझा दाखला तिथे चालेल असं धरू नकोस, दुबईत त्याचा परवाना आरटीए, म्हणजे तिथलं वाहतूक खातं, वेगळा देतं. सुपरवायझर घाईत असेल, म्हणेल, "तू चालवतोस ना तिकडे, घे जरा." अपघात झाला तर सुपरवायझर ओळखही दाखवणार नाही. आणि उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करवून घ्यायला बंदी आहे. यार्डात उभं केलं तर हे माहीत असू दे.

आता पार्सल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ताईला, तुझ्या आईला, हे पटत नाही. निघायच्या आठवड्यात शेजारीपाजारी येतील. कुणाचा मुलगा शारजात, कुणाचा जावई अबू धाबीत. "एवढंसं आहे, फक्त मसाला आहे, औषधं आहेत." कुणाचंही घ्यायचं नाही, सख्ख्या मावशीचंसुद्धा. तुझ्या बॅगेत सापडलं ते तुझं, तिथला कस्टम्सवाला दुसरं काही ऐकून घेत नाही. अमिरातीत खसखस बंद आहे, ती अमली पदार्थांत धरतात. आता आपल्या घरात खसखस कुठे कुठे असते ते आठव. घरच्या मसाल्यात, करंजीच्या सारणात, आणि अनारशाला तर वरून थापलेलीच. आपण तिला खसखस म्हणूनसुद्धा बघत नाही, दिवाळी म्हणून बघतो. तेव्हा अनारसे जाणार नाहीत आणि मसाला ताईने खसखस न घालता वेगळा कुटायचा. खोकल्याच्या औषधात कोडीन असतं, दुखण्याच्या काही गोळ्यांत ट्रामाडोल, त्यांवरही निर्बंध आहेत. तुझं स्वतःचं औषध असेल तर डॉक्टरची चिठ्ठी घे आणि तिथल्या सरकारची परवानगी लागते का ते आधी बघून घे. येतानाही तेच. कुणी सोन्याची चेन "नुसती गळ्यात घालून ने" म्हणालं तर गळा दुखतोय म्हण.

पान, मावा, गुटखा सोडून जा. तू खात नाहीस म्हणतोस, पण तुझे दात मला वेगळं सांगतात. रस्त्यात थुंकलास तर दंड, मेट्रोत च्युइंगगम चघळलास तरी १०० दिऱ्हॅम. रस्ता कुठूनही ओलांडायची आपली अंजूर फाट्याची सवय तिथे महाग पडते, ४०० दिऱ्हॅमपासून पुढे. उगाच कुणाचे फोटो काढू नकोस, आणि कंपनीवर राग आला म्हणून फेसबुकवर काही लिहू नकोस. तिथला सायबर कायदा कडक आहे.

रमजानमध्ये दिवसा चारचौघांत खायचं-प्यायचं नाही, हे भिवंडीच्या पोराला शिकवावं लागत नाही. त्या बाबतीत आपण पुढे आहोत. हिंदी-उर्दू तुझ्या जिभेवर आहे, पद्मशाली शेजाऱ्यांमुळे चार शब्द तेलुगू येतात, मऊ-आझमगढची बोली तू मागांवर ऐकत वाढलास. गोदामातली निम्मी माणसं तुला पहिल्या दिवशीच समजतील. आणि परगावी राहणं कसं असतं, तेही तू पाहिलंय, फक्त दुसऱ्या बाजूने. आपल्या गल्लीतल्या खोलीत एकाच खाटेवर दिवसपाळीचा आणि रातपाळीचा असे दोन मागवाले झोपायचे, जेवायला बिस्सीत जायचे, शनिवारी हिशेब व्हायचा. त्यांना आपण काय समजायचो ते आठव. आता बेडस्पेसमध्ये तू असशील.

बेडस्पेस कंपनीचा असेल तर ठीक. स्वतः शोधायचा झाला तर ज्याला भाडं देतोस त्याच्या नावावर ती जागा आहे का, इजारीची, म्हणजे भाडेकराराची सरकारी, नोंद आहे का, ते विचार. लाकडी पार्टिशनच्या खोल्या पालिका कधीही रिकाम्या करायला लावते आणि डिपॉझिट घेतलेला माणूस त्या दिवशी फोन उचलत नाही. स्वयंपाकाची पाळी लावून घ्या, बाहेर खाऊन पैसा उरत नाही. मासळी उत्तम मिळते. सुरमई हवी असेल तर कनाद म्हणून विचार. सुके बोंबील मात्र खोलीतल्या सगळ्यांना विचारूनच भाज, खोलीतलं पहिलं भांडण त्यावरूनच होतं.

पगार बँकेतच येईल, तशी तिथे सक्तीची व्यवस्था आहे. पहिला पगार झाला की बँकेचा माणूस क्रेडिट कार्ड घेऊन येईल, दुसऱ्या महिन्यात कर्ज घेऊन. वर्षभर दोन्हीला नाही म्हण. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नकोस आणि कोरा चेक कुणालाही देऊ नकोस. कर्ज थकलं तर कोर्टाकडून प्रवासबंदी येऊ शकते, मग आई आजारी असली तरी विमानतळावरून परत फिरावं लागतं. घरी पैसे पाठवायचे ते बँकेतून किंवा एक्स्चेंज हाऊसमधून. हुंडीवाला चार पैसे जास्त देईल, पण तो पैसा तुझा आहे हे उद्या कुणाला दाखवणार? भाव चढायची वाट बघत बसू नकोस. दिऱ्हॅम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे, हलतो तो आपला रुपया, आणि तो तुझ्या सल्ल्याने हलत नाही.

आणि सगळ्यात मोठी भीड घरची. तू गेल्यावर चार महिन्यांत इथे लोक तुला श्रीमंत करून टाकतील. चुलतभावाच्या लग्नात हळदीचा बँजो तुझ्या नावावर लावतील, कुणी फोन मागेल, कुणी बोअरवेलला पैसे. आपल्याकडे हळदीत जेवढा पैसा जातो तेवढ्यात लहानसं दुकान उभं राहतं, हे मी बोललो की मला कंजूष म्हणतात. म्हणू देत. घरी दर महिन्याला किती पाठवायचे तो आकडा जाण्याआधी ताई-दाजींसमोर बसून ठरव. त्यापलीकडे कुणी मागितलं तर "मामाला विचारा" म्हण. मी वाईट व्हायला तयार आहे, मला कुणाच्या हळदीला नाचायचं नाही.

काही अडलंच, पगार थकला, कागद दाबून ठेवले, तर दुबईत भारतीय वकिलातीचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. नंबर ८००४६३४२, तिथल्या फोनवरून फुकट. फोनमध्ये ठेव आणि पाकिटात कागदावरही लिहून ठेव, फोन हरवतो. तक्रार करायला पुरावा लागतो, म्हणून पगाराची स्लिप, ओव्हरटाइमचे तास, सगळ्याचे फोटो दर महिन्याला ताईला पाठवत जा. तिला त्यातलं काही कळलं नाही तरी चालेल, तिच्या फोनमधून काही पुसलं जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तिथून निरोप जातात, पण कॉल लागत नाही. बोटिम नावाचं अ‍ॅप आहे, ते तिच्या फोनमध्ये आजच टाकून दे आणि एकदा लावून दाखव. तिथली वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तुझी रात्रपाळी संपेल तेव्हा तिचा सकाळचा चहा झालेला असेल, तेव्हा फोन कर.

सोमवारी बँकेत जाऊन ये. कामासाठी देश सोडलास की तुझं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. तिकडची कमाई ठेवायला एनआरई खातं उघड, त्याच्या व्याजावर इथे आयकर नाही. नॉमिनी म्हणून ताईचं नाव घाल. या आर्थिक वर्षात इथे १८२ दिवस भरले असतील तर तिकडच्या पगाराचं काय, ते सीएला विचारून घे. इथलं सिम बंद पडू देऊ नकोस, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. त्याचा रिचार्ज मी बघतो. निघताना डिप्लोमाची साक्षांकित प्रत आहे का तेवढं परत तपास. अमिरातीत अपोस्टिल चालत नाही, त्यांच्या दूतावासाचा शिक्का लागतो, आणि तो राहिला असेल तर तिकीट पुढे ढकल.