डीझेल इंजिनाची नाडीपरीक्षा

वैद्य रोग्याच्या शरीरांत शिरून पाहत नाहीं. तो मनगटावर बोटें ठेवितो आणि आंत काय चाललें आहे याचें अनुमान बांधितो. यंत्रालाहि अशी नाडी असते काय, हा प्रश्न आम्हां वसईकरांस केवळ कुतूहलाचा नाहीं. पाचूबंदर, नायगांव, अर्नाळा येथील मच्छीमार नौका डीझेल इंजिनांवर चालतात. किनारा दृष्टीआड झाल्यावर तें इंजिन बंद पडलें, तर तांडेल आणि खलाशी यांचे प्राण वारा व भरती-ओहोटी यांच्या स्वाधीन होतात. पावसाळ्यांत मासेमारी बंद असते व नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हां प्रत्येक मालकापुढें एक कठीण निर्णय उभा राहतो: इंजिन उघडावें कीं न उघडावें? उघडल्यास खर्च फार; न उघडल्यास समुद्रांत दगा होण्याची भीति. हा निर्णय तर्कानें न करितां मोजमापानें कसा करितां येईल, तें या पाठांत पाहूं.

प्रथम इंजिनाचें कार्य समजून घेऊं. पेट्रोलच्या इंजिनांत इंधन पेटविण्यास विजेची ठिणगी लागते. डीझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. दट्ट्या वर येतांना सिलिंडरांतील हवा आपल्या मूळ आकारमानाच्या सुमारें पंधराव्या ते विसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. सायकलमध्यें हवा भरतांना पंप गरम होतो, हें तुम्हीं अनुभविलें असेलच. येथें तोच प्रकार इतक्या जोरानें घडतो कीं, हवेचें उष्णतामान ५०० अंश सेंटिग्रेडच्या वर जातें. अशा हवेंत नोझलमधून डीझेलचा बारीक फवारा सुटतांच तो आपोआप पेटतो. अर्थात् दाब हाच डीझेल इंजिनाचा प्राण होय. दट्ट्याच्या रिंगा झिजल्या, झडपा नीट बसेनाशा झाल्या, किंवा हेडखालचें गॅस्केट फुटलें, म्हणजे हवा निसटते, दाब उतरतो आणि पुरेशी उष्णता उत्पन्न होत नाहीं. मग सकाळीं इंजिन लौकर सुरू होत नाहीं, पांढरा धूर निघतो, आणि शक्ति कमी पडते.

शेतांतील पंपाच्या एका सिलिंडरच्या इंजिनांत हा दोष जुना मिस्त्री हातानेंच ओळखतो. तो हॅंडल फिरवितो. दट्ट्या वर येतांना हाताला जोराचा अडसर लागला, म्हणजे दाब ठीक आहे असें तो समजतो. परंतु नौकेचें चार किंवा सहा सिलिंडरांचें इंजिन हातानें फिरवणें कठीण. तेथें हाताचें काम स्टार्टर करितो. तेव्हां आपण स्टार्टरलाच विचारूं कीं, बाबा, तुला कोठें अडसर लागला आणि कोठें लागला नाहीं?

हें विचारण्याचें साधन म्हणजे ऑसिलोस्कोप. त्याचा इतिहास मनोरंजक आहे. १८९७ सालीं जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें रुडोल्फ डीझेल यांचें इंजिन परीक्षेस उतरलें. आणि त्याच सालीं कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनीं विजेच्या बदलाचें चित्र पडद्यावर दाखविणारी नळी तयार केली. या नळीपासूनच ऑसिलोस्कोपचा उगम झाला. ब्राउन यांस १९०९ सालीं मार्कोनी यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें, तें मात्र बिनतारी संदेशाच्या कार्याबद्दल. एकाच वर्षीं जगापुढें आलेलीं हीं दोन साधनें आज एकमेकांच्या उपयोगी पडत आहेत. साधा मीटर विजेचा एक आंकडा दाखवितो. ऑसिलोस्कोप क्षणोक्षणीं होणाऱ्या बदलाची रेघ काढून दाखवितो. पूर्वी हें यंत्र प्रयोगशाळेच्या मेजावरच असे. आतां तें हातांत मावतें.

कृति अशी आहे. बॅटरी पूर्ण भरलेली असावी. इंजिन सुरू होऊं नये म्हणून इंधन बंद करणारी कळ ओढून धरावी. बॅटरीकडून स्टार्टरकडे जाणाऱ्या जाड तारेभोंवतीं प्रवाह मोजणारा चिमटा लावावा. तार तोडावी लागत नाहीं. चिमट्याचें दुसरें टोंक ऑसिलोस्कोपला जोडून स्टार्टर चार-पांच सेकंद फिरवावा. वारंवार व फार वेळ फिरविल्यास तो तापतो, म्हणून मध्यें विश्रांति द्यावी. फिरत्या पट्ट्याजवळ सैल कपडे नसावेत, बॅटरीजवळ ठिणगी पडूं देऊं नये, आणि जाणत्या माणसावांचून हा प्रयोग विद्यार्थ्यांनीं करूं नये.

आतां पडद्याकडे पाहूं. आरंभीं रेघ एकदम उंच जाते, कारण थांबलेली मोटर प्रथम फार प्रवाह ओढते. वेग येतांच ती खालीं उतरते व समुद्राच्या लाटांसारखी वरखालीं होऊं लागते. याचें कारण असें: मोटर फिरतांना तिच्या आंतच उलट दिशेचा विद्युत्दाब उत्पन्न होतो व तो प्रवाहास आवरतो. दट्ट्या हवा दाबीत असतां इंजिन जड होतें, मोटर मंदावते, उलट दाब घटतो आणि प्रवाह वाढतो. म्हणून एक दाब म्हणजे एक लाट. चार सिलिंडरांच्या चार-स्ट्रोक इंजिनांत दर फेऱ्यास दोन दाब होतात. मिनिटास २४० फेरे, म्हणजे सेकंदास ४ फेरे धरले, तर सेकंदास ८ लाटा दिसल्या पाहिजेत. त्यांत दर चार लाटांचा एक गट असतो.

एकच बैल चार मोटा पाळीपाळीनें ओढीत आहे अशी कल्पना करा. त्यांतील एक मोट फाटली असेल, तर तिच्या पाळीस बैलाला कमी जोर लागेल. आणि विहिरींत न डोकावतां, केवळ बैलाकडे पाहून तुम्ही फाटकी मोट ओळखाल. पडद्यावर तसेंच घडतें. चारी लाटा सारख्या उंच असल्या, तर सिलिंडरांचा दाब परस्परांशीं जुळतो. दर चौथी लाट ठेंगणी दिसली, तर एका सिलिंडरांतून हवा निसटत आहे.

तें सिलिंडर कोणतें? बहुतेक चार सिलिंडरांच्या इंजिनांत दाबाचा क्रम १, ३, ४, २ असा असतो. तरी आपल्या इंजिनाच्या पुस्तकांत तो पडताळावा. पहिल्या सिलिंडरचें नोझल काढून स्टार्टर पुन्हा फिरवावा. पहिल्याची लाट नाहींशी होऊन तेथें खळगा पडेल. खळग्यानंतर लगेच येणारी लाट तिसऱ्याची, मग चौथ्याची, मग दुसऱ्याची. ठेंगणी लाटच नाहींशी झाली, तर दोषी पहिलेंच. दोषी सिलिंडरें शेजारशेजारचीं दोन निघालीं, तर त्यांच्यामधलें गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा.

या पद्धतीची मर्यादाहि लक्षांत ठेविली पाहिजे. ती सिलिंडरांची आपसांत तुलना करिते. प्रत्यक्ष दाब किती तें सांगत नाहीं. चारीं सिलिंडरें सारखींच झिजलीं असलीं, तर लाटाहि सारख्याच दिसतील आणि अननुभवी माणूस निश्चिंत होईल. म्हणून इंजिन जुनें असून सुरू होण्यास त्रास देत असेल, तर नोझलच्या जागीं दाबमापक लावून आंकडा घेतलाच पाहिजे. तसेंच एका सिलिंडरच्या इंजिनास तुलना करण्यास जोडीदारच नसतो. तेथें मिस्त्रीचा हात व दाबमापक हेंच खरें. रिंग, झडप कीं गॅस्केट, याचा अंतिम निर्णयहि पुढील तपासणीनेंच होतो. ऑसिलोस्कोप इतकेंच सांगतो कीं, कोठें पाहावें.

पण तेवढ्यानेंहि केवढें काम होतें! चारी लाटा सारख्या आणि दाबमापकाचा आंकडाहि योग्य, असें दिसल्यास दोष नोझल, इंधनाचा पंप किंवा गाळणी यांत शोधावा. हेड उघडण्याचा खर्च वांचतो. एक लाट ठेंगणी दिसल्यास दुरुस्ती किनाऱ्यावरच होते, भर समुद्रांत संकट ओढवत नाहीं. पालकांसहि आमची विनंती आहे कीं, मुलगा किंवा मुलगी यंत्रशाळेकडे वळूं पाहील, तर त्यास हलकें काम समजूं नये. शाळेंत शिकविलेला विजेचा नियम, गुणाकार-भागाकार आणि आलेख हीं तिन्हीं या एका परीक्षेंत लागतात. जो विद्यार्थी आलेख वाचण्यास शिकला, तो उद्यां आपल्या गांवच्या नौकेची नाडी पाहूं शकेल, आणि त्याच्या शब्दावर विसंबून चार घरचीं माणसें समुद्रावर जातील.