छावणीतला शत्रू

यादवी युद्ध म्हटले की आपल्याला लढाया व सेनापती आठवतात. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवीचा अभ्यास करताना माझे लक्ष मात्र छावणीनेच अधिक वेधून घेतले. सैनिकाचे बहुतेक दिवस तेथेच जात, आणि मृत्यूही त्याला बहुधा तेथेच गाठी. उत्तरेच्या सैन्यातील सुमारे ३,६०,००० मृतांपैकी सुमारे १,१०,००० लढाईत वा जखमांनी गेले. उरलेल्यांपैकी बहुतेक रोगांनी.

असे का व्हावे? खेड्यांतून आलेल्या अनेक तरुणांना लहानपणी गोवर आलेला नसे. हजारो माणसे एकत्र येताच त्याची साथ पसरे. शौचाचे चर पुष्कळदा पाण्याजवळच खणलेले असत. त्यातून हगवण व विषमज्वर उद्भवे. रोगजंतूंचा सिद्धान्त वैद्यकाने तेव्हा स्वीकारलेला नव्हता.

आहार म्हणजे खारवलेले डुकराचे मांस आणि पीठ-पाण्याची दगडासारखी बिस्किटे. ती कॉफीत भिजवली की किडे वर तरंगत. ते काढून टाकून शिपाई कॉफी पीत असे. बंदरांच्या नाकेबंदीमुळे दक्षिणेत कॉफीही दुर्मिळ झाली. तेव्हा पहाऱ्यावरचे दक्षिणी शिपाई शत्रूला तंबाखू देऊन ती मिळवीत!

१८६१ मध्ये स्थापन झालेल्या सॅनिटरी कमिशनने उत्तरेच्या छावण्या तपासून स्वच्छतेचा आग्रह धरला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने लढाई कोणी जिंकली याबरोबरच सैन्य कोठले पाणी पीत होते, हेही विचारावे, असे मला वाटते.