बंदर, धक्का आणि गोदी : नेमक्या अर्थाची ओळख

यवतमाळ जिल्ह्यातील नेरसारख्या तालुक्यातील विद्यार्थ्यास समुद्र पुस्तकातूनच भेटतो. ‘बंदर’ म्हटले की हिंदीच्या परिचयामुळे त्याच्या डोळ्यांसमोर माकड उभे राहते; ‘गोदी’ आणि ‘गोदाम’ त्याला एकच वाटतात. म्हणून या शब्दांतील भेद समजून घेणे अगत्याचे आहे.

‘बंदर’ हा शब्द फारसीतून आला. जहाजांना आसरा मिळावा, मालाची व उतारूंची चढउतार व्हावी, जकात घेतली जावी, अशा संपूर्ण स्थळास बंदर म्हणतात. मुंबईतील बोरीबंदर, मस्जिद बंदर ही नावे रेल्वेमुळे विदर्भातही परिचित झाली.

‘धक्का’ हा बंदराचा एक भाग होय. जहाज कडेला लागावे म्हणून काठालगत बांधलेली भक्कम जागा म्हणजे धक्का. मुंबईचा ‘भाऊचा धक्का’ हा लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य ऊर्फ भाऊ यांच्या नावाने ओळखला जातो. खांबांवर उभारून पाण्यात पुढे नेलेल्या बांधकामास ‘जेटी’ म्हणतात. नदीकाठच्या पायऱ्यांचा ‘घाट’ तर सर्वांच्याच परिचयाचा आहे.

‘गोदी’ म्हणजे भिंतींनी बंदिस्त केलेला जलाशय. ओल्या गोदीत दरवाजे लावून भरतीचे पाणी अडवितात. त्यामुळे ओहोटीतही जहाज तरंगत राहते. १८७५ ची ससून गोदी व १८८० ची प्रिन्सेस गोदी ही तिची मुंबईतील उदाहरणे. सुक्या गोदीत जहाज आत घेऊन पाणी काढून टाकतात व तळाची दुरुस्ती करतात. लवजी नसरवानजी वाडिया यांनी मुंबईत १७५० मध्ये अशी गोदी बांधली.

जेथे धक्का नसतो तेथे जहाज नांगर टाकून दूर उभे राहते आणि माल पडावातून किनाऱ्यावर येतो. शेतकऱ्याचा नांगर जमीन उकरतो, खलाशाचा तळात रुतून जहाज धरून ठेवतो. शब्द मात्र एकच.

हा भेद केवळ पाठ्यपुस्तकापुरता नाही. जालना आणि वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथे ‘ड्राय पोर्ट’ उभारण्याच्या योजना आखण्यात आल्या. तेथे जहाज येत नाही. मालाच्या पेट्या रेल्वेने वा मोटारींनी समुद्रबंदराकडे जावयाच्या असतात. त्यास ‘सुकी गोदी’ म्हटल्यास अर्थाचा अनर्थ होईल. ‘कोरडे बंदर’ हेच योग्य. ग्रामसभेत अशी योजना समजावून देताना शब्द अचूक असेल, तर आपला कापूस कोठे जाणार व कोणत्या मार्गाने, हे शेतकऱ्यास नेमके कळेल.