औषधनिर्माता

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या तीरी, गोसीखुर्द हे गाव आहे. १९८८ साली पायाभरणी झालेल्या विशाल धरणामुळे या गावाचे नाव सर्वतोमुखी झाले. धरणाला ३३ दरवाजे आहेत. ते केव्हा व किती उघडावयाचे, याचा काटेकोर हिशेब ठेवावा लागतो. मापाने सोडलेले पाणी धानाची शेते पिकविते. मापाबाहेर सुटलेले पाणी तीच शेते बुडविते.

औषधाचेही असेच आहे. योग्य प्रमाणात घेतलेले औषध प्राण वाचविते. प्रमाण चुकले तर तेच विषासमान होते. हे प्रमाण सांभाळणारा जाणकार म्हणजे औषधनिर्माता.

पूर्वी दवाखान्यात औषधाची मिश्रणे तयार करून देणाऱ्यास कंपाउंडर म्हणत; सरकारी दप्तरी त्याला 'मिश्रक' असे नाव होते. तो बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवी. एक मात्रा कोठे संपते, हे रोग्याला त्या पट्टीवरून कळे. आता बहुतेक औषधे कारखान्यांतून तयार होऊन येतात. मग औषधनिर्मात्याचे काम संपले काय? मुळीच नाही.

पॅरासिटामॉल हे तापावरील औषध लहान मुलांना बाटलीतून देतात. एका बाटलीतील ५ मिलिलिटर औषधात ते १२५ मिलिग्रॅम असते, तर दुसरीतील तेवढ्याच औषधात २५० मिलिग्रॅम. चुकून दुसरी बाटली हाती पडली, तर बालकाच्या पोटात दुप्पट औषध जाईल! म्हणून औषधनिर्माता चिठ्ठी लक्षपूर्वक वाचतो, रोग्याचे वय विचारतो, औषधाची मुदत पाहतो आणि शंका आल्यास डॉक्टरांना विचारतो. औषध केव्हा व किती घ्यावे, हे निरक्षर आजीबाईंनाही उमजेल अशा शब्दांत तो समजावून देतो.

भारतात या विद्येचे विद्यापीठीय शिक्षण १९३२ साली प्राध्यापक महादेव लाल श्रॉफ यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात सुरू केले. पुढे १९४८ साली फार्मसी कायदा झाला. डॉक्टर आपल्या रोग्यांना स्वतः औषध देतात, तो अपवाद सोडल्यास, चिठ्ठीवरील औषध देण्याचा अधिकार त्या कायद्याने नोंदणीकृत औषधनिर्मात्यालाच दिला.

गोसीखुर्दसारख्या गावातील मुलामुलींनाही हा मार्ग मोकळा आहे. बारावीपर्यंत विज्ञान शिकावे. नंतर दोन वर्षांची पदविका घ्यावी आणि ५०० तास प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळवावा. ठरलेल्या परीक्षा उत्तीर्ण होऊन राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी झाली, की औषधांचे दुकान, रुग्णालय वा प्राथमिक आरोग्य केंद्र येथे काम करता येते. अधिक शिकावेसे वाटल्यास चार वर्षांची पदवीही आहे.

या व्यवसायाला बुद्धी हवी, तशीच सचोटी हवी. दिवसभरात शंभर चिठ्ठ्या आल्या, तरी शंभरावी चिठ्ठी पहिलीइतक्याच काळजीने वाचावी लागते. कारण तीही कोणाच्या तरी आईची किंवा बाळाची असते.

स्वाध्याय
१. धरणाचे पाणी व औषध यांत कोणते साम्य सांगितले आहे?
२. औषध देण्यापूर्वी औषधनिर्माता कोणकोणती काळजी घेतो?
३. 'सर्वतोमुखी होणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.
४. घरातील एखाद्या औषधाच्या वेष्टनावरील मुदत वडीलधाऱ्यांसमवेत वाचा व वहीत लिहा.