बेदाण्यात उरलेलं पाणी

फेब्रुवारी-मार्चात तासगाव, कवठेमहांकाळ, जत भागातल्या माळावर बेदाणा शेड भरू लागतात. चहूबाजूंनी उघडी, वर छप्पर, आत एकावर एक जाळ्या आणि जाळ्यांवर पसरलेली थॉमसन नाहीतर तास-ए-गणेश जातीची द्राक्षं. अशाच एका शेडमध्ये मामांच्या मागे फिरताना केतकीला पहिला प्रश्न पडला तो सावलीचा.

“मामा, बाहेर एवढं रणरणतं ऊन, आणि द्राक्षं सावलीत?”

“उन्हात वाळतील की. पण तपकिरी पडतील. गिऱ्हाइकाला हिरवा माल पाहिजे. अन् पाणी काय एकटं ऊन नेतं होय? वारं नेतं. हवा जेवढी कोरडी, तेवढं ती जास्त ओढणार. ढग आले, दमट झालं, की आमची झोप उडते.”

“पण घरी आणलेली द्राक्षं काही लगेच सुकत नाहीत.”

मामांनी एक मणी तिच्या हातावर ठेवला. सालीवर पांढुरकी झाक होती, बोटानं पुसताच गेली. हे मेण. ते पावसाचं पाणी आत येऊ देत नाही, तसं आतलंही सहज बाहेर सोडत नाही. म्हणून घड आधी द्रावणात बुडवायचे: 1 लिटर पाण्यात साधारण 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली ‘डिपिंग ऑइल’, म्हणजे इथाइल ओलिएट. साल फाटत नाही, पण मेणाच्या थराची घट्ट रचना सैल होते आणि वाफेला वाट मिळते. एरवी तीन-चार आठवडे घेणारं काम मग पंधरवड्यात उरकतं.

“किती द्राक्षांचा किती बेदाणा?”

“गोडीवर आहे सगळं. 22 ब्रिक्सचा माल असला तर 4 किलोला 1 किलो.”

केतकीनं मोबाइलवर हिशेब मांडला. 22 ब्रिक्स म्हणजे 100 किलो द्राक्षांत साखर वगैरे धरून 22 किलो ऐवज. बेदाण्यात 15 टक्के पाणी राहतं असं धरलं, तर माल होतो 26 किलोच्या आसपास. गोडी 18 वर असताना घड उतरवले तर जेमतेम 21. उडणार ते पाणीच, त्यामुळे घाईनं काढलेल्या बागेत नुकसान शेतकऱ्याचंच.

“थांबा, 15 टक्के पाणी राहतं? मग बुरशी कशी नाही येत?”

“असतं, पण मोकळं नसतं. साखरेनं धरून ठेवलेलं असतं. बुरशीला ते ओढून घेता येत नाही, उलट तिच्याच पेशीतलं पाणी साखरेकडं जातं. म्हणून शेवटचे दिवस रेंगाळतात. सुरुवातीला भराभर जाणारं पाणी नंतर साखर सोडतच नाही.”

“तेही काढून टाकलं तर?”

“दाताला लागेल, कडक. शिवाय सौद्यात माल वजनावर जातो. ओला ठेवला तर गोळे होऊन काळा पडतो, जादा वाळवला तर आपलेच पैसे वाऱ्यावर. मुठीत दाबून सोडायचा. मोकळा झाला, की जाळीवरून खाली घ्यायचा.”